घड्याळजींचा एकुलता एक दगड

आमच्या धाराशिवातले एक घड्याळजी आभाळातून पडलेले दगड शोधत असतात. तरुणपणी तारा तुटताना दिसला की मी डोळे मिटून नवऱ्याची बदली पुण्याला मागायची. बदली झाली परंड्याला, तरी मी शहाणी मागतच राहिले. घड्याळजी आभाळाकडं काही मागत नाहीत. कुठल्या रानात पडला, एवढंच विचारतात.

काळा दगड चुंबकाला चिकटला की लोक तो घेऊन त्यांच्या दुकानात येतात. "आपल्याकडचा कुठलाबी काळा दगड थोडा चिकटतोच," डोळ्यावरचं भिंग न काढता ते सांगतात.

त्यांच्याकडं खरा असा एकच. तो निम्मा दगड, निम्मं लोखंड अशा दुर्मिळ जातीचा, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजातले एक मास्तर म्हणायचे, साधा दगडी जातीचा आहे. कापल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि कापायचं नाव काढलं की घड्याळजी शटर ओढायला उठायचे.

परवा त्यांनी आपणहूनच तो कापून आणला. मी गेले तेव्हा भिंगातून बघत होते. आत लोखंडाचे नुसते कण, बाकी खसखशीसारखे गोल गोल दाणे. म्हणजे साधीच जात.

"मास्तरांना कळू देऊ नका," मी हळूच म्हटलं.

"फोन केलाय की! निघालेत ते. आतून लई देखणा हाय ओ, आजी. तुम्ही नुसतं व्हय व्हय म्हणणार. हे बघून हरखायला मास्तरच पायजेत."