पाहुण्यांचा शॉवर

व्याही पहिल्यांदाच मुक्कामाला येणार, म्हणून पाथरीतल्या आमच्या घरी पाहुण्यांच्या बाथरूमला शॉवर बसवायचं ठरलं. आम्ही सगळे बादली-तांब्यावाले, पण इज्जतीचा सवाल होता.

दुकानात पाणी सोडून दाखवायची सोय नव्हती. दुकानदार म्हणाला, "खाली उभं राहून बघा, अंदाज येतोय." मी चष्मा काढून, डोळे मिटून एकेका कोरड्या शॉवरखाली उभा राहिलो. बायको लांबून बघत होती. "ह्याच्याखाली तुमी लय बारीक दिसायलाव, दुसरा बघा." सातव्या शॉवरखाली मी शोभलो. तोच घेतला.

नवा आहे हे कळावं म्हणून बायकोनं नळीवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून टाकी व्याह्यांसाठी राखली आणि आम्ही दोघं दोन दिवस बिनआंघोळीचे राहिलो.

व्याही आंघोळीला गेले आणि आतून बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला. माझं डोकंच फिरलं. बाहेर आल्याबरोबर विचारलं, "शॉवर आवडला न्हाई का?"

"झकास हाय की," ते डोकं पुसत म्हणाले. "पण पाहुण्यांसाठी ठेवलेला दिसतोय. आपण घरच्यांनी कशाला खराब करायचा?"