राईतून काडी न आणणारा गोटीराम

गोटीराम भोये आयुष्यात तीनदा नाशिकला गेला आणि तिन्ही वेळा एकाच कामासाठी. पेठच्या डोंगरात, सादडपाड्याला लागून हिरवा देवाची राई होती, ती तोडू नये, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणणं लहान होतं. चालणं दोन दिवसांचं.

गोटीराम त्या राईचा भगत. देवाला मूर्ती नव्हती, शेंदूर फासलेला दगडसुद्धा नव्हता. राई हाच देव. तिथले सादड्याचे वृक्ष चार माणसांच्या कवेत मावत नसत. नियम एकच, आतलं काही बाहेर आणायचं नाही. वाळकी काटकी नाही, गळलेला आंबाही नाही. बाहेर पडताना बायका पदर झटकत आणि चिकटलेलं पान आत टाकत. गोटीरामचा बाप ऐन आषाढात गेला, तेव्हा राई शंभर पावलांवर असून चितेचं लाकूड दोन नाले ओलांडून आणलं आणि ते ओलं निघालं. कुणी कुरकुर केली नाही.

१९३३ च्या दिवाळीनंतर जंगल खात्याची माणसं आली आणि खोडांवर हातोड्याने शिक्के मारून गेली. तोडीला काढलेल्या जंगलाच्या तुकड्याला खात्यात कूप म्हणतात. पुढच्या हंगामाचा कूप इथे पडणार होता. हरकत असेल तर नाशिकला अर्ज करा, साहेब चौकशी करतात, असं गार्डाने चांगुलपणाने सांगितलं. गोटीरामला ते खरं वाटलं. खरंच होतं ते.

कचेरीबाहेर निंबाखाली रहेमान अर्ज लिहीत बसे. वीस वर्षांच्या सरावाने, नुसतं गाव कळलं की त्याच्या टाकातून मजकूर उतरायचा. ‘आम्ही गरीब रयत सदर जंगलातून पिढ्यान्‌पिढ्या सरपण, पाला व नांगरास लाकूड आणीत आलो आहोत,’ असं लिहून त्याने वाचून दाखवलं. गोटीराम म्हणाला, हे खोडा.

“अरे बाबा, सरकार वहिवाट बघतं,” रहेमान म्हणाला. “जो नेतो त्याचा हक्क. एक मोळी तरी राहू दे.”

“नेत नाय तर कसं लिहायचं?”

“साहेब काय तुझ्या मोळ्या बघायला येणार आहे?”

“सायब नाय येणार. देव तिथंच हाय ना.”

रहेमानने नवा कागद घेतला. असा अर्जदार त्याला पूर्वी भेटला नव्हता आणि पुन्हा भेटावा असंही वाटलं नाही.

साहेब पेठच्या बंगल्यावर आला. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना सावलीत बसवलं. त्याच्यापुढे छापील तक्ता होता. सरपण? चराई? पाला? मध? इमारती लाकूड? प्रत्येकाला गोटीरामने ‘नाय’ म्हटलं आणि मागे बसलेल्या सगळ्या पाड्याने अभिमानाने माना हलवल्या. शेवटी साहेबाने टाक खाली ठेवून, जवळजवळ विनवणीच्या सुरात विचारलं, मग या जंगलाचा तुम्हाला उपयोग तरी काय?

गोटीरामने विचार केला. “उपयोग काय नाय, सायब. तो देव हाय.”

तक्त्यात त्याला रकाना नव्हता. कारकुनाने वहिवाट निरंक लिहिली आणि त्याखाली, ओघानेच, हक्क निरंक.

शेजारच्या उंबरपाड्याने आपण तीस वर्षं आपल्या बाजूचं रान तोडत आलो आहोत असं सांगितलं आणि पुराव्यादाखल अर्ध्या रानातले खुंट दाखवले. उरलेलं अर्धं रान त्यांच्या हक्कात राखून ठेवण्यात आलं.

दुसऱ्या खेपेला रहेमानने आपणहून सुचवलं की अजून मुदत आहे, एक मोळी आण, नेत होतो म्हणून लिहू. गोटीराम घरी आला. बायको भागीबाई म्हणाली, “आणा एक डाव. देवासाठीच आणताय, त्याला कळंल.” सकाळी तो राईत गेला आणि एक वाळकी काटकी उचलून कडेपर्यंत आला. तिथे बराच वेळ उभा राहिला. मग परत आत जाऊन काटकी होती तिथे ठेवून आला.

तिसऱ्या खेपेला निकाल कायम झाल्याचं कळलं.

माघात तोड सुरू झाली. पाड्यातलं कुणी कुऱ्हाड धरायला तयार होईना, म्हणून ठेकेदाराने बाहेरचे मजूर आणले. ओंडके गाड्यांतून नाशिक रोडच्या स्टेशनाकडे गेले. नियमाप्रमाणे डहाळ्या पाड्याला फुकट सोडल्या होत्या. त्या वाळवीने खाल्ल्या.

पुढच्या पूजेच्या दिवशी लोक नवा तांदूळ, कोंबडं घेऊन आले आणि खुंटांच्या कडेला उभे राहिले. चिमणाबाई सगळ्यांत म्हातारी. तिने विचारलं, “भगता, कुठं ठेवायचं?”

पाड्यातला काळू म्हणाला, एखादा दगड मांडू, उंबरपाड्यात मांडलाय. गोटीराम या खुंटाकडून त्या खुंटाकडे बघत राहिला. याआधी कधी जागा दाखवावी लागली नव्हती. आत पाऊल टाकलं की पुरे होई.

“मला नाय ठावं,” तो म्हणाला.

ऊन वर आलं, तेव्हा चिमणाबाईने टोपली उचलली आणि तिच्यामागून बाकीचेही घराकडे निघाले.