पाचव्या भोकाची पेटी

आमचे दाजी म्हणजे ताईचे यजमान, आणि जमिनीत भोकं पाडायच्या मशीनवरचे आमचे मिस्त्री. इमारत उभी करायच्या आधी खाली माती किती, खडक कुठे, हे शोधायचं आमचं काम. बत्तीस वर्षं त्यांनी ते केलं. माणूस मुलखाचा हट्टी. नळीतून माती वर आली की चिमूटभर दाताखाली घासायचे आणि म्हणायचे, "कचकचतेय. निव्वळ चिकणमाती नाही ही, गाळ आहे यात." प्रयोगशाळेचा कागद आठवड्याने यायचा आणि तेच सांगायचा. मी वैतागायचो, "अहो दाजी, ताईने डबा दिलाय की!" ते हसायचे, थुंकायचे आणि वहीत लिहायचे.

मला त्यांनीच कामाला लावलं. माझं कुठेच बस्तान बसत नव्हतं, म्हणून ताईने त्यांच्या मागे टुमणं लावलं होतं.

त्या वर्षी एका शाळेसाठी पाच भोकं पाडायची होती. चार झाली. प्रत्येकात आठ मीटरच्या आसपास काळा कातळ. कातळ लागला तरी थांबायचं नाही, आणखी तीन मीटर आत जायचं, हा नियम. कारण कधी मातीत एखादा दांडगा धोंडा अडकलेला असतो आणि वरून तो कातळच वाटतो. आत जाताना खडकाचे लांबुळके गोल तुकडे निघतात. ते लाकडी पेटीच्या खान्यांत ओळीने मांडायचे, शेजारी खोली लिहायची. ती पेटी बघून साहेब पाया ठरवतात.

पाचव्या भोकाच्या दिवशी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दाजी दुपारी निघाले. जाताना तीनदा बजावलं, "कातळात एकच मीटर गेलोय. अजून दोन. गडबड करू नकोस."

"जा हो तुम्ही. मी काय दुधखुळा आहे?"

दुधखुळा नव्हतो, नालायक होतो. मशीन रडतखडत चाललं होतं आणि संध्याकाळी टीव्हीवर अंतिम सामना होता. चौथ्या भोकात साहेबांनी हौसेने दोन मीटर जास्त खणायला लावलं होतं. ते जादा तुकडे पोत्यात पडून होते. खडक तो खडक, असं म्हणत मी पोतं पेटीत रिकामं केलं, रंगाने खोली लिहिली आणि सामना सुरू व्हायच्या आत घर गाठलं. दुसऱ्या दिवशी दाजी दवाखान्यातून थेट कामावर आले. माझ्या वहीवरून त्यांनी कागद भरला आणि खाली सही केली. घरच्या माणसावर कोण संशय घेतो?

तीन आठवड्यांनी गोदामात ते पेट्या धुऊन फोटोसाठी मांडत होते. पाचव्या पेटीपाशी थांबले. त्यातला एक तुकडा उचलला आणि चौथ्या पेटीतल्या शेवटच्या तुकड्याला लावला. तुटलेल्या कडा चपखल बसल्या. दोन भोकांत चाळीस मीटरचं अंतर होतं!

वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर फार बरं झालं असतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही मीटर."

"पाया कधी भरतायत?"

"सोमवारी."

ते पेटीवरच बसले. "त्या कोपऱ्यात पहिलीचा वर्ग आहे रे."

मी हातापाया पडलो. "खडकच असणार दाजी, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"असेल खडक. मला माहीत नाही. तुलाही नाही." आणि चपला घालून ते साहेबांकडे निघाले. मी मागोमाग.

सगळं ऐकून साहेबांनी विचारलं, "तुकडे भरले कोणी?" मी तोंड उघडलं होतं, शपथ. पण दाजी आधी बोलले, "मी. खाली सही माझी आहे."

"मिस्त्री, तुम्ही?" साहेबांना पटेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत राहिलो.

मशीन परत लावलं. कातळात दीड मीटर गेल्यावर खडक संपला. खाली चार मीटर लोण्यासारखी मऊ माती. धोंडाच होता तो! कोपऱ्याचा पाया बदलला, शाळा नीट उभी राहिली. दाजींना मात्र काढून टाकलं. खोटी पेटी भरणारा म्हणून त्यांचं नाव सगळ्या मशीनवाल्यांत झालं, कुणी दारात उभं करेना. त्यांच्या जागी मिस्त्री कोण? मी.

"उद्या जाऊन खरं सांगतो," मी त्यांना म्हटलं होतं.

"तुझी पोरं लहान आहेत. आता बोललास तर दोघंही घरी बसू. गप राहा."

ते ऐकून मला हायसं वाटलं. त्याची लाज मला त्या पेटीपेक्षाही जास्त वाटते.

ताईला यातलं काही माहीत नाही. परवा तिच्याकडे जेवायला गेलो होतो. वाढता वाढता ती म्हणाली, "माझ्या ऑपरेशनमुळे घाई केली म्हणतात. माझ्या डोळ्यावर ढकललं बघ! बत्तीस वर्षांची अब्रू घालवली. तू तरी नीट काम कर रे बाबा. ह्यांच्यासारखं नको करूस."

दाजींनी ताटातून मान वर केली नाही.

"त्याला अजून वाढ," ते म्हणाले.

आणि मी ताट पुढे केलं.