गोळ्यांचा डबा घेऊन या

विशाखानं लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन बायकांसाठी मालिश केंद्र काढलं, तेव्हा पहिले पंधरा दिवस नुसत्या बाळंतिणींच्याच चौकशा येत होत्या. मालिश बाळंतिणीची, नाहीतर पैलवानाची. धडधाकट बाईनं भरदुपारी पडून अंग चोळून घ्यायचं, हे गल्लीला काही पटत नव्हतं.

विशाखा चाकूरची. आठ वर्षं एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस होती, मग नांदेडला राहून मालिशीचा कोर्स केला. हातात ताकद होती आणि त्या ताकदीचा तिला थोडा गर्वही होता.

पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते गौरम्मा. तेलाच्या दुकानदाराच्या घरातली, माहेर निलंग्याकडचं, सत्तरीला टेकलेली. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. पाठ धरली म्हणून सून अक्षरानं स्कूटीवरून आणून सोडलं. अव्वानं टेबल हलवून बघितलं, चादर धुतलेली आहे का ते हुंगून बघितलं, तेल बोटावर घेऊन करडीचं असल्याची खात्री केली. मग पालथी पडत म्हणाली, "जोर लाव पोरी. गोंजारून घ्यायला आले न्हाई मी."

विशाखानं जोर लावला. अव्वा हूं की चूं करेना, तसा तिनं आणखी लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षराचा फोन आला. ती शांतपणे बोलत होती, म्हणूनच विशाखा जास्त घाबरली. अव्वाच्या पाठीवर वांग्याच्या रंगाचे, तळहाताएवढे डाग उठले होते.

विशाखा ऑटो करून तशीच गेली. दारात अव्वाचा मुलगा उमाशंकर उभा होता. ही मालिश होती की मारहाण, एवढंच त्यानं विचारलं. विशाखानं आत जाऊन पाठ बघितली आणि अव्वाला विचारलं, रोज गोळ्या कोणत्या घेता. अव्वानं उशाखालून प्लास्टिकचा डबा काढला. त्यात रक्त पातळ करायची गोळी होती. दोन वर्षांपूर्वी अव्वाच्या हृदयात स्टेंट बसवला होता.

"अव्वा, हे मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं न्हाईस," अव्वा म्हणाली. "आन मी काय छाती चोळून घ्यायला आले होते का?"

विशाखा स्वतः त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडं गेली. त्यांनी तपासून सांगितलं, कातडीखाली रक्त साकळलंय, दोन-तीन आठवड्यांत जिरेल, पण याहून वाईटही होऊ शकलं असतं. तोवर हात लावायचा नाही, नंतर लावलाच तर त्यांना विचारून आणि हलका. मग त्यांनी विशाखाला विचारलं, कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं का. शिकवलं होतं. पण आलेल्या बाईला दारातच पोलिसासारखं खोदून विचारलं तर ती परत येईल कशाला, असं तिला वाटलं होतं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दोन दिवस केंद्र बंद ठेवून तिनं प्रश्नांचा कागद तयार केला आणि अव्वाची तब्येत बघायला गेली तेव्हा दाखवायला नेला. अक्षरानं मोठ्यानं वाचलं, "आपणांस रक्तस्रावाचा विकार आहे काय?" अव्वा हसायला लागली, ती पाठ दुखेपर्यंत.

"असं विचारलंस तर समद्या न्हाईच म्हणतील. गोळ्यांचा डबा घेऊन या म्हणावं."

तीन दुपारी बसून अव्वानं तो कागद बदलून घेतला. ऑपरेशन झालंय का, असं विचारलं तर बायका गर्भपिशवीचं ऑपरेशन धरतच नाहीत, म्हणून 'पोटावर टाका हाय का' असं विचारायचं. दिवस गेलेत का विचारलं की लाजतात, म्हणून पाळीची तारीख विचारायची. ताप, जखम, एकाच पायाला सूज, जेवून किती वेळ झाला, हेही त्यात आलं. कपडे किती काढायचे ते जिचं तिनं ठरवायचं, हे अक्षरानं घालायला लावलं.

शेवटी विशाखानं लिहिलं होतं, दुखलं तर लगेच सांगा. ते अव्वाला पटेना. बाया सोसायलाच शिकलेल्या, त्या कशाला सांगतील, असं तिचं म्हणणं. मग तिचा हात स्वतःच्याच पाठीकडं गेला.

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "मला तरी कुठं सांगता आलं."

पुढच्याच महिन्यात एक शिक्षिका पोटरी चोळून घ्यायला आली. लांबच्या बस प्रवासानंतर एकच पाय सुजलेला, गरम लागत होता. विशाखानं हात लावला नाही, थेट डॉक्टरकडं पाठवलं. बाई चिडून गेल्या. तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. बऱ्या झाल्यावर त्या मुद्दाम येऊन अर्धा तास बसून गेल्या, आणि त्यांच्या शाळेतल्या चार बायका पाठोपाठ आल्या.

आता विशाखाकडं तीन टेबलं आहेत आणि दोघीजणी शिकायला येतात. पहिला आठवडा त्यांना तेलाची बाटली मिळत नाही. खुर्ची घेऊन समोर बसायचं, विचारायचं आणि पुरतं ऐकून घ्यायचं. अव्वा डॉक्टरांच्या परवानगीनं दर मंगळवारी येते. 'हळू' म्हणते, 'जरा डावीकडं' म्हणते, आणि बरेचदा मधेच घोरायला लागते.