लाऊडस्पीकर मॅडम

लाऊडस्पीकर मॅडम हसल्या की खालच्या जीन्सच्या दुकानातले सिंधी शेठ गिऱ्हाईक सोडून छताकडे बघायचे. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, त्या दुकानाच्या बरोबर डोक्यावर मॅडमचं क्लिनिक होतं. त्या समुपदेशक, आणि मी अ‍ॅनोरेक्सिया झालेली, जाड व्हायच्या धास्तीने जेवण तोडलेली अकरावीतली मुलगी. "हृदयावर ताण येतोय. खाणं वाढलं नाही तर अ‍ॅडमिट करावं लागेल," असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून दर मंगळवारी आई मला बदलापूरहून तिथे ओढून न्यायची.

सुरुवातीला मी तोंडच उघडलं नाही. ही बाई आईच्या पार्टीतली, गोड बोलून मला जाड करणार, अशी माझी खात्री होती. आकडा दिसू नये म्हणून मॅडम मला वजनकाट्यावर पाठमोरी उभी करायच्या, तेव्हा तर त्यांना कडकडून चावावंसं वाटायचं. त्या काळात मला चावावीशी वाटलेली तेवढी एकच गोष्ट.

एकदा वैतागून म्हणाले, "मला बरंच व्हायचं नाहीये!"

आईचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "बरं, नको होऊस. पण मंगळवारी येत जा, मला एकटीला कंटाळा येतो. तुझी मांजर कशी आहे?" मग आम्ही तासभर मांजरीबद्दलच बोललो. जेवणाखेरीज मला काही विचारणारं माणूस कित्येक दिवसांनी भेटलं होतं.

पुढे एका मंगळवारी बाबांनाही बोलावणं गेलं. बाबा अंबरनाथला कारखान्यात अधिकारी. मी डब्यातलं थालीपीठ कसंबसं चघळत होते. मॅडमनी एक रिकामी खुर्ची ओढली. "घास उचललास की तुझ्या डोक्यात जो ओरडतो ना, त्याला इथे बसवू. नाव काय त्याचं?"

"इन्स्पेक्टरसाहेब," मी म्हणाले.

"बाबा, खडसवा त्याला!" मॅडम बाबांना म्हणाल्या.

कारखान्यात तपासणीला इन्स्पेक्टर आला की धावपळ करण्यात बाबांची उभी नोकरी गेलेली. ते ताडकन उठले आणि हात जोडून खुर्चीला म्हणाले, "साहेब, चहा घेणार?"

"अहो, चहा काय विचारताय? हाकला त्याला!" म्हणत आई पर्स उगारून खुर्चीवर धावून गेली. "ऊठ रे मेल्या! माझ्या पोरीच्या घासावर नजर ठेवतोस?"

मला हसू फुटलं आणि थालीपीठ थेट मॅडमच्या चष्म्यावर! मॅडम अशा काही हसल्या की शेठ धापा टाकत वर आले, "मॅडम, सब ठीक है ना?"

बाबांचे डोळे भरले होते. "किती महिन्यांनी हसली," ते खुर्चीलाच म्हणाले.

साहेब काही लगेच उठून गेले नाहीत. त्याच संध्याकाळी भाजीवरून मी आईशी कडाकडा भांडले. पण पुढच्या मंगळवारी जिना मी आईच्या आधी चढले.

बारावीनंतर मॅडम म्हणाल्या, "आता यायची गरज नाही." मला चक्क राग आला, हाकलतायत असं वाटलं. त्यांनी मला खाली गाडीवर दाल-पकवान खायला नेलं. स्वतःसाठी तिखट जास्त सांगितलं आणि मग नाक पुसत, हाश्शहुश्श करत मला त्यांच्या सासूच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. आजारी पडल्यापासून मी जेवताना कोणी ना कोणी माझं ताट निरखत असायचं. त्या दिवशी मी सगळं खाल्लं, आणि मॅडमनी माझ्या प्लेटकडे एकदाही पाहिलं नाही.