सतराचा भागाकार

एका माणसाचे चार महिने मी वाया घालवले. तेही एसटी चुकू नये म्हणून.

आज सकाळी गायकवाड गुरुजी गेले.

सत्तरच्या दशकात हिर्डोशीच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. ते हेडमास्तर, मी भोरहून आलेली नवी बाई.

गुरुजींना मूळ संख्यांचं वेड. एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानंच भाग जात नाही, त्या.

३१, ३३१, ३३३१... डावीकडे एकेक तीन वाढवत जायचं. अशा सात संख्या त्यांनी हातानं भागून तपासल्या. सातही मूळ निघाल्या!

आठवी होती ३३३३३३३३१.

"बाई, शंभराच्या आतल्यांनी तुमी भागून बगा. म्होरलं म्या बगतो."

म्होरलं म्हणजे पार अठरा हजारांच्या पुढंपर्यंत.

तेरापर्यंत मी केलं. शनिवार होता, भोरची एसटी गेली की दुसरी थेट उद्या. सतरापासूनच्या सगळ्या संख्यांपुढं 'भाग जात नाही' असं लिहून कागद गुरुजींना देऊन टाकला. म्हटलं, सोमवारी करू.

सोमवार कसला उगवतोय.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गुरुजी भागाकार करत होते. माझ्या कागदावर विश्वास ठेवून.

मग भोरला शिक्षकांची मीटिंग झाली. गुरुजींनी आठवी संख्या फळ्यावर लिहिली, छान समजावून सांगितली. वेल्ह्याकडचा एक तरुण मास्तर उठला आणि त्यानं तिला सतरानं भागलं.

बाकी शून्य.

हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, गुरुजी, आधी पाढे पाठ करा. साहेबांनी विचारलं, सतराचा भागाकार कुणी केला होता?

"म्याच, साहेब. नजर चुकली."

मी तिसऱ्या रांगेत होते. पदराचा काठ बघत बसले. नोकरीची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजही.

गुरुजींनी पोरांना त्या कागदांच्या होड्या करून दिल्या. पुन्हा कधी संख्यांचा विषय काढला नाही. मलाही एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढं माझी ट्रान्सफर झाली. त्यांच्या रिटायरमेंटला मी लांबलचक भाषण ठोकलं. हे सोडून सगळं बोलले.

आज त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, त्या गणितात बाईंनी लई मदत केली."

फोन ठेवल्यापासून नुसती बसून आहे.

त्या दिवशी हसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर ऐका. तो भागाकार माझ्याकडे होता. मी तो केलाच नव्हता.

गुरुजी, हा शेवटचा नमस्कार. माफी मागायला फार उशीर केला.