तेलाच्या देशात पाच लिटर

त्या देशाचं नावसुद्धा मला घ्यायचं नाही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि एजंटानं तिकडं तेल कंपनीच्या कॅम्पवर पहाऱ्याला पाठवलं. तीन वर्षं काढली. जमिनीत तेल आणि पंपावर रांगा, असला तो देश! कच्चं तेल बोटीनं परदेशी जायचं, पेट्रोल होऊन बोटीनंच परत यायचं, तेही आलं तर. गोरे गेले म्हणून दरवर्षी तोफा उडवायचे आणि गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात राष्ट्राध्यक्षाचा मेहुणा राहायचा. दुकानात राष्ट्राध्यक्षाचा फोटो, फोटोखाली विमानानं आणलेले टोमॅटो. बाहेर चांगली जमीन पडीक. आमच्या पलूसकडं वीतभर बांधासाठी डोकी फुटतात. माझं टाळकंच सरकायचं.

सुट्टीवर आलो की टपरीवर विचारायचे, "कसा हाय रं त्यो देश?" लोकच आळशी, मी सांगून मोकळा व्हायचो. आमच्याकडं तरी काय निराळं? साखर कारखान्याचा चेअरमन म्हणेल ती पूर्व दिशा आणि उसाशिवाय दुसरं काही लावणारा येडा. पण हे तेव्हा कुठलं सुचतंय!

कॅम्पवरचा आचारी तिथलाच होता. मला पापा म्हणायचा. चपाती माझ्याकडूनच शिकला.

एका दुपारी तो पाच लिटरचा कॅन घेऊन पळत आला. बायको बाळंतपणात अडली होती. दवाखाना लांब. शेजाऱ्याची गाडी दारात उभी, पण टाकी कोरडी आणि पंप आठवडाभर बंद. कॅम्पच्या गाड्या साहेबाबरोबर राजधानीला गेलेल्या. पेट्रोलच्या कोठाराची किल्ली माझ्याकडं होती आणि साहेबाच्या सहीशिवाय थेंबही द्यायचा नाही, असा हुकूम होता. साहेबाला फोन लावला, तो उचलेना.

आचारी रडला नाही. एवढंच म्हणाला, "पापा, तेल आमच्याच जमिनीतलं आहे."

मी म्हणालो, "हुकूम नाही."

शिस्त वगैरे काही नाही, मी भ्यालो. दिलं असतं तर फार तर नोकरी गेली असती. चौघांनी तिला खाटेवर घालून नेलं. वाटेतच गेली, पोटातल्या पोरासकट.

आठव्या दिवशी तो कामावर आला आणि माझं ताट वाढलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी जेवलो.

साहेबानं परत आल्यावर पाठ थोपटली. कठीण प्रसंगी कंपनीच्या मालाचं रक्षण केलं, असं प्रशस्तिपत्र दिलं. गावी माझ्या बायकोनं इस्लामपुरातून त्याला काच बसवून आणली. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते, "आवं, यांनी तिकडं काय केलंया, बघा तरी!" बारीक इंग्रजी वाचायचा सगळ्यांना कंटाळा, मलाच विचारतात.

मी सांगतो, चोर पकडला होता.